पहिली आफ्रिकन सफारी: मसाई माराची तयारी कोणत्या क्रमाने करावी

विमानाचे तिकीट स्वस्तात दिसले म्हणून ते आधी काढून टाकायचे, मग टूर शोधायची आणि निघायला आठवडा उरला असताना यलो फीव्हरच्या लसीची आठवण व्हायची. पहिल्या सफारीचे बहुतेक घोळ या उलट्या क्रमातून होतात. शिवाय ताडोबा-पेंचला जाऊन आलेले लोक तिथलाच हिशेब इथे लावतात. ताडोबात तुम्ही गेट आणि फेरी निवडता, जिप्सी आणि गाईड तिथे मिळतात. केनियात गाडी आणि ड्रायव्हर बहुधा पूर्ण दौऱ्यासाठी एकच असतात आणि त्यांची निवड घरी बसून, पैसे भरण्याआधी करायची असते. ती चुकली तर तिथे गेल्यावर फारसे काही दुरुस्त होत नाही.

पुढचे सगळे मुंबईहून नैरोबीमार्गे केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

टप्पा १ : आधी लस घेता येईल का ते पाहा

केनियात उतरताना भारतीयाकडे यलो फीव्हरच्या लसीचे कार्ड बहुधा मागत नाहीत, कारण भारत त्या रोगाच्या देशांत मोडत नाही. ते मागतात परतल्यावर, आपल्याच विमानतळावर. वैध कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. "केनियाला लागत नाही म्हणे" हे ऐकून निश्चिंत झालेले लोक इथेच अडकतात.

ही लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, वय ६०च्या पुढे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच पैसे भरा. आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी तर पहिला फोन डॉक्टरांनाच करावा.

लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांत मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रे ठराविक वारी ठराविक लोकांनाच बोलावतात. मे आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तारीख मिळणे अवघड होते. कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालते. दुसरी एखादी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

तपासा: कार्डावरचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतो का? केंद्रावरून निघण्याआधी पाहा. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या तारखेपासून किमान ६ महिने हवी. नवा पासपोर्ट काढायचा असेल तर आधी तो, मग लस.

टप्पा २ : महिना ठरवा

विल्डबीस्टचे (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारात साधारण जुलैत येतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास परततात. नदी ओलांडण्याची दृश्ये याच काळातली. गर्दी आणि दरही याच काळात सर्वांत जास्त. मार्च ते मे मोठा पाऊस. माराची काळी माती भिजली की चाकाला लगदा बसतो आणि साधी व्हॅन जागेवरच फिरत राहते. नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस तुलनेने हलका.

सिंह, चित्ता, हत्ती, जिराफ, तरस हे मारात वर्षभर असतात. स्थलांतराचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी पहिल्या सफारीसाठी उत्तम, असे आमचे स्पष्ट मत आहे. गवत आखूड, गाड्या कमी आणि प्रवेश शुल्क निम्मे.

सावधान: "१५ ऑगस्टला क्रॉसिंग दाखवतो" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. कळप काठावर येऊन तासन् तास उभे राहतात आणि कधी कधी तसेच मागे फिरतात. तारीख कुणालाही सांगता येत नाही.

टप्पा ३ : ठिकाणे कमी करा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सात दिवसांच्या टूरमध्ये अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा ही चारही नावे असली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. आता रस्त्याचे तास मांडा. नैरोबी ते अंबोसेली ४ ते ५, अंबोसेली ते नैवाशा किंवा नाकुरू ६ ते ७, तिथून मारा ५ ते ६, मारा ते नैरोबी पुन्हा ५ ते ६. म्हणजे वीस ते चोवीस तास नुसता हायवे, आणि तेही सकाळच्या वेळी, जेव्हा प्राणी हलतात. उरलेल्या दिवसांत माराच्या वाट्याला दोन रात्री येतात. त्यातला पहिला दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा निघण्यात जातो.

मारात किमान ३ रात्री काढा, ४ मिळाल्या तर सोडू नका. सात दिवस असतील तर सोबत एकच ठिकाण जोडा. गेंडा बघायचाच असेल तर नाकुरू, कारण मारात गेंडे मोजके आहेत. हत्तींचे मोठे कळप आणि मागे किलीमांजारो हवा असेल तर अंबोसेली. डोंगर दिसेलच असे नाही. तो बहुधा पहाटे आणि संध्याकाळी ढगांतून बाहेर येतो, म्हणून तिथे दोन रात्री तरी ठेवा.

सेरेंगेटीही त्याच दौऱ्यात उरकायची कल्पना अनेकांना सुचते, कारण नकाशावर ती माराला चिकटून आहे. पण पर्यटकांना मारातून थेट सेरेंगेटीत जाता येत नाही. इसेबानियाच्या सीमा चौकीपर्यंत वळसा घालावा लागतो, टांझानियाचा व्हिसा वेगळा लागतो आणि सीमेवर गाडीही बदलते. दहा दिवसांहून कमी सुट्टी असेल तर एकच देश करा.

टप्पा ४ : गाडी आणि ड्रायव्हर

छप्पर वर उचलणारी व्हॅन स्वस्त असते आणि कोरड्या दिवसांत ती चालून जाते. पावसात किंवा नदीकाठच्या वाटांवर फोर व्हील ड्राइव्ह लँड क्रूझरच हवी. दरातला फरक मोठा वाटला तरी काटछाट करायचीच असेल तर हॉटेलात करा, गाडीत नको. खोलीत तुम्ही झोपण्यापुरते असता आणि गाडीत दिवसाचे आठ-दहा तास.

"प्रत्येकाला खिडकी" हे शब्द लेखी घ्या. नुसते "सात सीटर" म्हणजे सात माणसे कोंबूनही नेता येतात. सहा माणसांच्या वर जाऊ नका. छप्पर उचलल्यावर सगळे एका बाजूला उभे राहतात आणि सातव्याला पुढच्याच्या डोक्यामागचा भाग तेवढा दिसतो. फोटोग्राफी करणारा असेल तर त्याच्या गाडीत चारच जण ठेवा.

ड्रायव्हर हाच तुमचा गाईड असतो. केनियात सफारी गाईडच्या संघटनेच्या परीक्षा आहेत, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा चढत्या पायऱ्यांच्या. कंपनीला पायरी विचारा. "अनुभवी आहे" एवढेच उत्तर आले तर दुसरी कंपनी बघा. कंपनी केनियाच्या टूर ऑपरेटर संघटनेची, म्हणजे काटोची, सदस्य आहे का तेही संघटनेच्या यादीत स्वतः पाहून घ्या.

टप्पा ५ : कोटेशन वाचा

भारतातल्या आणि नैरोबीच्या अशा किमान दोन कंपन्यांची कोटेशन समोर ठेवा. आकड्यांची तुलना करण्याआधी प्रत्येक आकड्यात काय काय धरले आहे ते जुळवा.

सगळ्यात जास्त फसगत प्रवेश शुल्कात होते. मारा राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. २०२४पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात, दर माणशी, दर दिवशी. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेपुरते असते. नैरोबीहून निघून दुपारी तीनला सेकेनानी गेटवर पोहोचलात आणि लगेच आत शिरलात, तर तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे शुल्क गेले. मुक्काम गेटबाहेर असेल तर पहिली संध्याकाळ कॅम्पवर काढून दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला आत जाणे परवडते. मुक्काम आत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १०च्या आत गेटबाहेर पडा, नाहीतर आणखी एक दिवस भरावा लागतो.

राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या जमिनींवर उभ्या असलेल्या कॉन्झर्वन्सी आहेत: मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी वगैरे. तिथे गाड्या मोजक्या असतात, रात्रीची सफारी आणि गाईडबरोबर पायी फिरणेही चालते. राखीव क्षेत्रात या दोन्हींना मनाई आहे. कॉन्झर्वन्सीचे शुल्क वेगळे असते आणि तिथून राखीव क्षेत्रात शिरायचे तर ते शुल्क पुन्हा वर. बजेट बसत असेल तर दोन रात्री कॉन्झर्वन्सीत आणि दोन राखीव क्षेत्राजवळ ही विभागणी चांगली.

तपासा: शुल्क किती दिवसांचे धरले आहे, पूर्ण दिवसाच्या सफारीचे जेवण, पाण्याच्या बाटल्या, विमानतळावरून ने-आण आणि भारतीय कंपनी असेल तर टीसीएस, म्हणजे टूरच्या पैशांबरोबर कंपनी वसूल करते तो आगाऊ कर. टीसीएस खिशातून जातो, पण आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. हॉट एअर बलूनला माणशी साधारण ४५० ते ५०० डॉलर पडतात आणि बलून जवळजवळ कधीच पॅकेजमध्ये नसते.

टप्पा ६ : विमान, मग ईटीए

आता तिकीट काढा. थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात आणि नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. संध्याकाळी किंवा रात्री उतरणार असाल तर ती रात्र नैरोबीतच काढा.

माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर लक्षात ठेवा, ती विमाने आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नाही तर शहरातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात. परतताना दोन विमानांत किमान चार-पाच तासांचे अंतर हवे. माराच्या धावपट्ट्याही अनेक आहेत. किचवा टेंबो, ओल किओंबो, कीकोरोक यांपैकी कॅम्पला जवळची कोणती ते कॅम्पलाच विचारून तिकीट काढा, नाहीतर उतरल्यावर दोन तास गाडीत बसाल.

केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. शुल्क ३० डॉलरच्या आसपास आहे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. फोटो, पासपोर्टचे पहिले पान, विमानाचे आणि मुक्कामाचे बुकिंग लागते. म्हणूनच हा टप्पा इतका मागे. दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा.

सावधान: शोध घेतल्यावर वर येणारी अनेक संकेतस्थळे दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्ता "गो डॉट केई"ने संपतो.

टप्पा ७ : औषधे

मारात मलेरिया आहे. "आपल्याकडेही मलेरिया असतो, आपल्याला काय होतंय" हा युक्तिवाद खोटा आहे. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तोच जीवघेणा ठरतो. डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस घ्यायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर ४ आठवडे, आणि तिने काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते. घरी पोहोचल्यावर गोळ्या मधेच सोडणे ही नेहमीची चूक.

टप्पा ८ : बॅग भरणे

छोट्या विमानात १५ किलोची मर्यादा असते, हातातले सामान धरून, आणि बॅग मऊ कापडी हवी. कडक कवचाची, चाकांची सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाही.

केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि जून २०२०पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचे प्लास्टिक चालत नाही. चिवडा, लाडू, चपला, ओले कपडे, सगळे पिशवीत बांधून न्यायची आपली सवय इथे नडते. खाऊ स्टीलच्या डब्यात, कपडे कापडी पिशवीत, पाण्याला स्टीलची बाटली. ड्युटी फ्रीची प्लास्टिक पिशवी विमानातच सोडा. ड्रोन परवान्याशिवाय नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे. गडद निळ्या-काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी ओढली जाते. लष्करी छापाचे कपडे तर घालूच नका. तीन शर्ट, दोन पँट पुरतात, कपडे धुऊन मिळतात. मारा महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छपरातून वारा लागला की दात वाजतात. फ्लीस, विंडचीटर, कानटोपी घ्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असे धरून नुसते टी-शर्ट नेणारे पहिल्याच सकाळी कॅम्पचे ब्लँकेट पांघरून बसतात.

दुर्बीण प्रत्येकाला एक, ८ बाय ३२ किंवा ८ बाय ४२ (आठपट मोठे दाखवणारी, ३२ किंवा ४२ मिलिमीटर भिंगाची). एकच दुर्बीण चौघांत फिरवली की प्रत्येकाच्या हाती ती उशिरा येते. कॅमेऱ्याला १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी. ट्रायपॉड घरी ठेवा. त्याऐवजी चेन असलेली रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे दोन किलो तांदूळ भरून छपराच्या कडेवर ठेवा, लेन्स तिच्यावर टेकवता येते. लेन्स वाटेत बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो, आपला प्लग तिथे बसत नाही. डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या आणि न फाटलेल्या. जुन्या नोटा घेत नाहीत.

शाकाहारी जेवण अडचणीचे नाही, पण ते आधी कळवा. "अंडे चालत नाही", "कांदा-लसूण नको" हे वेगळे लिहा. विशेषतः पूर्ण दिवसाच्या डब्याबद्दल, कारण न सांगितल्यास त्यात उकडलेले अंडे आणि कोंबडीची तंगडी ठरलेली.

टप्पा ९ : गाडीत बसल्यावर

पहिल्या सकाळी निघण्याआधी ड्रायव्हरशी पाच मिनिटे बोला: काय बघायचे आहे, फोटो महत्त्वाचे की नुसते पाहणे, एका जागी थांबायची तयारी आहे का. हे न सांगितल्यास तो रेडिओवरच्या निरोपांमागे धावत राहतो आणि तुम्ही दिवसभर दुसऱ्या गाड्यांच्या मागे उभे असता.

सहाला निघा. "नाश्ता करून आठला जाऊ" म्हणणारे सावलीत लोळणारे सिंह बघतात. नाश्ता डब्यात घ्या.

वाघ शोधायची सवय असलेली नजर झुडपांकडे जाते. इथे आधी गवत खाणाऱ्यांकडे बघा. टोपी नावाचे तांबूस-जांभळट हरीण वारुळावर चढून उभे राहते. ते मान ताठ करून एकाच दिशेला बघत असेल, कान त्याच दिशेला वळलेले असतील आणि नाकातून फुसकारत असेल, तर तिकडे गाडी बंद करून दहा मिनिटे थांबा. गवताच्या टोकाशी दोन काळे ठिपके हलले तर ते सिंहिणीच्या कानांच्या पाठी. बिबळ्यासाठी तालेक नदीच्या कडेने सॉसेज वृक्षाच्या (सॉसेजसारखी लांब फळे लोंबणाऱ्या झाडाच्या) आडव्या फांद्या तपासा. पानांतून लोंबणारी शेपटी आधी दिसते.

नियम: गाडी वाट सोडून नेऊ नका, प्राण्यापासून २५ मीटर अंतर, एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या. "जरा जवळ घ्या ना" म्हणून ड्रायव्हरला भरीला घालू नका, दंड आणि परवान्याचा धोका त्याला असतो. चित्ता शिकारीच्या पवित्र्यात असेल तर त्याच्या आणि सावजाच्या मधे गाडी येऊ देऊ नका. तो शिकार सोडून देतो आणि पिल्ले उपाशी राहतात.

नदीकाठी थांबायचे ठरले तर पूर्ण सकाळ तिथेच द्या, डबा आणि पाणी सोबत. गाडी काठापासून लांब ठेवावी लागते. पहिला विल्डबीस्ट पाण्यात पडून मागची रांग सुरू झाली की मगच पुढे. आधी पुढे गेलेल्या गाड्या कळपाला बिचकवतात.

लघवीसाठी उतरायचे तर ड्रायव्हरने जागा पाहून सांगितल्यावरच, आणि गाडीच्या मागेच. हे संकोचून लांबवू नका आणि त्यासाठी पाणी पिणे तर मुळीच कमी करू नका.

टप्पा १० : कॅम्पवर

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसते. अंधार पडल्यावर तंबू ते जेवणाची जागा हे अंतर पहारेकऱ्यासोबतच चाला. त्याला तिथे अस्कारी म्हणतात. रात्री चरायला पाणघोडे वर येतात. तंबूची चेन दिवसाही पूर्ण लावा आणि खाऊचा डबा कॅम्पच्या ऑफिसात ठेवा. माकडांना अर्धी उघडी चेन पुरते.

टिप म्हणून ड्रायव्हरला दर माणशी दिवसाला साधारण १० डॉलर रूढ आहे, शेवटच्या दिवशी एकत्र द्या. कॅम्पच्या नोकरांसाठी स्वागतकक्षात पेटी असते.

टप्पा ११ : परतताना

हस्तिदंत, कातडी, दात, पिसे, शिंपले, यांपैकी काहीही घेऊ नका, फुकट मिळाले तरी. मण्यांचे दागिने आणि लाकडी वस्तू चालतात. यलो फीव्हरचे कार्ड सामानात टाकू नका, पासपोर्टला लावून हातात ठेवा.

पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की आफ्रिकेत जाऊन आलो आहे. गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरीही.